बाई जीपमध्ये बसेपर्यंत

टेंभुर्णीच्या भुजंगला झोप लागायला दोन गोष्टी पुरायच्या. एक म्हणजे बूड टेकायला जागा, आणि दुसरी म्हणजे त्या जागेखाली फिरणारं चाक. घरच्या बाजेवर बिचारा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा, आणि उगाच काहीतरी विचारून कांताबाईचीही झोप मोडायचा. पण बैलगाडी असो, एसटी असो, नाहीतर माणसं कोंबलेली काळी-पिवळी जीप, चाक जरा फिरलं की ह्याची मान शेजारच्याच्या खांद्यावर. शेजारी ओळखीचा असला पाहिजे अशी काही त्याची अट नव्हती.

नुसता झोपला असता तर कुणी नावं ठेवली नसती. घोटाळा पुढं होता. बाकीच्या माणसांना स्वप्न पडतं, भुजंग स्वप्नात राहायला जायचा. एकदा मिरच्यांचं पोतं घेऊन तो जालन्याला निघाला. गाव सुटताना डोळा लागला आणि पुढच्याच फाट्यावर उघडला. तेवढ्यात तो सरपंच झाला होता, गावात नळ आणले होते, आणि सदस्यांनी अविश्वासाचा ठराव करून त्याला खालीही खेचलं होतं. जागा झाला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. कंडक्टरनं विचारलं, "मामा, पाकीट मारलं का कोणी?" पुढं बरेच दिवस तो गल्लीतल्या दोन भल्या माणसांशी बोलेना, कारण त्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता. त्या दोघांना आपण काय केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

कांताबाईची तक्रार त्याहून जुनी. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, आणि नवरा-नवरी बैलगाडीत बसून टेंभुर्णीकडं निघाले. वेस ओलांडायच्या आत नवरदेव मुंडावळ्यांसकट नवरीच्या खांद्यावर कलंडला. ओढ्यात चाकाला धक्का बसला तसा जागा झाला आणि सकाळीच गळ्यात माळ घातलेल्या त्या पोरीला अगदी घरच्या आवाजात म्हणाला, "कांता, पोरं जेवली का गं?"

"माझं काळीजच हाललं," कांताबाई अजून सांगायची. "म्हणलं, ह्या बाबाला आधीची बायको-लेकरं हायेत की काय! निस्ती रडून राह्यलते मी गाडीत. आन् हे मला समजावतेत, आगं रडू नको, धाकटा जरा अशक्त हाय, पन हुशार हाय!"

तो हुशार धाकटा काही कधी जन्माला आला नाही. झाली ती एकटी नंदा. पण भुजंगला त्या पोराची आठवण अधूनमधून यायची, आणि हे तो कुणाला सांगायचा नाही.

झोपेतली वर्षं आयुष्यात धरायची की नाही, असा त्याला एक प्रश्न होता. धरली तर तो गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापेक्षाही म्हातारा निघत होता. कांताबाईचं म्हणणं सरळ होतं: "येवढी वरसं राहून येता तं तिकडं दोन पाळ्या वखराच्या तरी मारून येत जा." गावातली माणसंही त्याला बसस्टँडवर सोडत नसत. "का भुजंगा, आज किती वर्षांचं तिकीट?" असं कुणीतरी विचारायचंच. तोही हसायचा. स्वभावानं तो मऊ होता. राग आलाच तर स्वप्नातल्या माणसांचा यायचा.

आणि ह्याच रागापायी नंदाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

ते साल त्र्याण्णव असावं. माघ महिना. कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. नंदा दहावी झालेली, तिखट, आणि दोन स्थळांना तोंडावर नाही म्हणालेली. तिसरं स्थळ जाफराबादच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं आलं. मुलाचं नाव वसंता, घरची शेती, आणि घर शेतातच. तो आपल्या मावशीबरोबर नंदाला बघायला आला. मावशीनं नेहमीचे प्रश्न विचारले, भाकरी येते का, धुणं नदीवर धुतेस की घरी. नंदानं नेहमीची उत्तरं दिली. मग वसंता खाली बघत म्हणाला, "तुमाला काही विचारायचं आसंल तर विचारा ना."

असं नंदाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती एवढी गोंधळली की काहीच विचारू शकली नाही, आणि पाहुणे गेल्यावर चुलीपाशी जाऊन आईला म्हणाली, "आई, हे घर सोडू नका."

आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं होतं. घर पसंत पडलं तर तिथंच सुपारी फोडायची, म्हणजे सोयरीक पक्की. भुजंग निघाला, बरोबर मध्यस्थ रखमाजी. हा रखमाजी भुजंगचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि वसंताच्या घरचाही लांबचा पाहुणा. निघताना कांताबाईनं नवऱ्याच्या टोपीकडं बघितलं, धोतराकडं बघितलं, आणि रखमाजीला बजावलं, "भाऊजी, काही बी करा, पन ह्यांना वाटंत झोपू देऊ नका. पोरीनं तोंडानं सांगितलं हाय, हे घर सोडू नका म्हनून."

"चिमटे घेतो वैनी," रखमाजी म्हणाला.

त्यानं घेतलेही. जीप टेंभुर्णीहून सुटली, आणि पहिला चिमटा भुजंगला उपयोगी पडला, दुसराही पडला. तिसऱ्या वेळी रखमाजीचा हात दोन माणसांच्या मधे अडकला. पुढं रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, जवळ भरलेलं पोतं, काखेत कोंबडी. तिनं हात केला. जीप हळू होऊ लागली. भुजंगनं ती बाई बघितली, कोंबडी बघितली, आणि मान टाकली.

नंदाचं लग्न थाटात झालं. मंडप, वाजंत्री, पंगती, सगळं. इवाई बद्रीनाथ, म्हणजे वसंताचे वडील, मोठे रुबाबदार, कानापर्यंत मिशा. भुजंगनं त्यांना अजून बघितलेलं नव्हतं, पण स्वप्नात अशी अडचण येत नाही. मग पेरणीच्या दिवसांत बद्रीनाथ एक बैल मागायला आले. भुजंगनं आपला लाडका हौशा दिला. हौशा परत आला तो थेट पोळ्याच्या तोंडावर, आणि कसा, तर बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सणाला झूल घातली तर अंगावर ठरेना. वेशीतून बैल नेताना अख्खं टेंभुर्णी हसलं. बद्रीनाथला विचारलं तर तो मिशीवर हात फिरवून म्हणाला, "बैलच हाय, रोडावायचाच." बस्स. भुजंगनं त्याच दिवशी शपथ घेतली की ह्या माणसाचा उंबरा पुन्हा चढायचा नाही. पोळे आले आणि गेले. हौशा म्हातारा होऊन मेला. बाजारात बद्रीनाथ समोरून आला की भुजंग रस्ता बदलायचा. कुणी समेट करायला आलं तर चहा पाजून परत पाठवायचा. अशी बारा वर्षं गेली, आणि त्याच्या पायावर काहीतरी धप्पकन पडलं.

ते मिरच्यांचं पोतं होतं. बाई अजून ओणवीच होती. कोंबडी फडफडत होती, आणि ड्रायव्हर ओरडत होता, "मावशी, बसा ना लवकर!"

"उठला का?" रखमाजीनं घाबरून विचारलं. "काही पडलं का सपन?"

"रखमाजी," भुजंग जड आवाजात म्हणाला, "गाडी माघारी फिरव. त्या मानसाच्या दारात मी जानार न्हाई."

रखमाजीनं कपाळाला हात लावला. जाफराबादच्या रस्त्यावर, सगळ्या जीपच्या देखत, त्यानं हकीकत काढून घेतली आणि मित्राची समजूत घातली. हौशा जिवंत आहे. सकाळीच तू त्याला कडबा टाकलास. बद्रीनाथला तू पाहिलेलंसुद्धा नाहीस. भुजंगला हे सगळं पटत होतं. पण पटून काय उपयोग? डोक्याला कळलं होतं, पोटाला कळलं नव्हतं. आजचा राग असता तर उतरला असता. हा बारा वर्षं मुरलेला राग होता.

"पन येवढ्यात बारा वरसं बसली कशी?" रखमाजीनं विचारलं. "त्या बाईचं बूडबी टेकलं नव्हतं."

"आरं, जागेपनी मधलंच लई आसतं," भुजंग म्हणाला. "आंघोळ करा, भाकर खा, गाडीची वाट बघा. सपनात मधलं काहीच न्हाई. लग्नातून उठला की पेरनीत, पेरनीतून उठला की पोळ्यात. जे मनाला लागतं तेवढंच दिसतं. बाकीचं गळून जातं."

कोंबडीवाली बाई सगळं ऐकत होती. तिनं निकाल देऊन टाकला, "बैल रोडावला म्हंजे इवायाचीच चूक हाय, भाऊ." रखमाजीनं तिच्याकडं जळजळीत नजरेनं बघितलं.

बद्रीनाथच्या वस्तीवर ते पोचले तेव्हा पाय धुवायला पाणी तयार होतं. ओट्यावर सतरंजी, आत ताटात कुंकू, नारळ, सुपारी. बद्रीनाथ हात जोडून पुढं आला. किरकोळ अंगाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस, गाल गुळगुळीत. भुजंगनं त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "इवाई, मिशा कधी काढल्या?"

"मी?" बद्रीनाथनं ओठाला हात लावला. "मला कवाच मिशा नव्हत्या, पाव्हनं."

रखमाजी मोठ्यानं खोकला. सोयरीक ठरायच्या आधीच 'इवाई' म्हटलेलं घरातल्या बायकांनी ऐकलं आणि एकमेकींकडं बघितलं. पण पाहुणा मोकळ्या स्वभावाचा दिसतो, असं म्हणून बद्रीनाथच्या बायकोनं, उषाबाईनं, चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. भुजंग 'हं' आणि 'बराबर' ह्यापलीकडं जाईना. त्याला नंदाचे शब्द आठवत होते, म्हणून तो दात आवळून बसला होता.

शेवटी बद्रीनाथ आपल्या बाजूनं चार शब्द गोड बोलायला गेला. "आता एकदा सोयरीक झाली की तुमचं-आमचं काय, पाव्हनं? पेरनीला, सुगीला एकमेकाला लागंल ते—"

"बैल मिळनार न्हाई!" भुजंग गरजला.

उषाबाईचा पदर तोंडाला गेला. वसंता दारात उभा होता, त्याचा चेहरा पडला. बद्रीनाथ हळूच म्हणाला, "बैल मागितला कोनी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भुजंग मनाचा साफ होता. त्यानं हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं, जीप, कोंबडी, मिशा, पेरणी, हौशा, पोळा. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, माझ्या पोरीला मनापासून पसंत आहे, मला माफ करा. रखमाजीला वाटलं, आता सगळे पोट धरून हसतील आणि सुपारी फुटेल.

बायका हसल्या. वसंतालाही हसू आलं. पण बद्रीनाथ हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

"म्हंजे मी बैल उपाशी ठेवला?" तो म्हणाला. "मी? उठा पाव्हनं, उठा, गोठ्यात चला." त्यानं भुजंगला दंडाला धरून गोठ्यात नेलं. दोन बैल उभे होते, अंगावर माशी बसली तर घसरावी असे. "बघा. हात लावून बघा. जिमीनीचा चारा कमी पडला तर मी घरातल्या मानसाची भाकर मोडंल, पन बैलाच्या पुढचं उचलनार न्हाई. आन् तुमी म्हनता, 'बैलच हाय, रोडावायचाच'? हे मी म्हनलं?"

"तुमी न्हाई म्हनलं," भुजंग ओशाळून म्हणाला. "सपनातल्यानं म्हनलं."

"नाव माझंच होतं ना? बारा वरसं तुमी माझ्या नावानं रस्ता बदलला ना? मला एका शब्दानं विचारलं का, बद्रीनाथ, बैल का रोडावला? आजारी असंल, पान्यात भिजला असंल. माझं काही म्हननं असंल का न्हाई?"

बारा वर्षांत भुजंगनं खरोखरच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"मंग आसं करा," बद्रीनाथ म्हणाला. "परत झोपा. आन् माझी बाजू आयकून या. त्याबिगर सुपारी फुटनार न्हाई."

रखमाजीला वाटलं, दोघांपैकी शहाणा कोण हे आता देवालाच ठाऊक. पण बद्रीनाथनं लिंबाखाली बाज टाकलीसुद्धा. उषाबाईनं उशी दिली आणि कोंबड्या हुसकल्या. घरची सगळी माणसं ओट्यावर गप्प बसली आणि भुजंगकडं बघू लागली. भुजंगनं डोळे मिटले. उघडले. कूस बदलली. इतकी माणसं झोपेची वाट बघत बसल्यावर कुणाला झोप येते? आणि ह्याचं तर मुळातच बाजेशी वैर.

"त्याला चाक लागतं," रखमाजीच्या तोंडून निघून गेलं.

बद्रीनाथ उठला आणि त्यानं बैल गाडीला जुंपले. वसंतानं गाडीत कडबा पसरला, वर गोधडी घातली, आणि होणाऱ्या सासऱ्याला हात देऊन वर घेतलं. बद्रीनाथ पुढं बसला. गाडी वावराच्या कडेकडेनं, गाडीवाटेनं निघाली. भुजंग उताणा पडून आभाळाकडं बघत होता. त्याला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. पोरीनं घर सोडू नका म्हटलं आणि आपण काय करून बसलो, असं त्याच्या मनात आलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या. चाक कुरकुरत होतं.

त्यानं डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्याला वाटलं, काही झोप लागत नाही, उठावं आता. पण आभाळाचा रंग बदलला होता. ऊन तिरपं झालं होतं. अंगावर एक घोंगडी आली होती, ती कधी आली कळलं नाही. गाडी चालूच होती, आणि पुढं बसलेल्या बद्रीनाथची पाठ धुळीनं भरली होती.

"किती टाइम झाला?" भुजंगनं विचारलं.

"डोक्यावर ऊन होतं तवा निघालो, आता गुरं घराकडं यायचा टाइम झाला," बद्रीनाथ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "दोनदा थांबलो तं तुमी चाळवले. म्हनून मंग थांबलोच न्हाई. बैल तेवढे मधे शेजाऱ्याचे जुंपले, तवा वसंतानं अन् रखमाजीनं गाडी ढकलून चालू ठेवली."

भुजंग उठून बसला. सकाळी एक बाई पोतं चढवून बसेपर्यंत त्यानं बारा वर्षं काढली होती. आणि आता अख्खी दुपार गेली होती, ती पापणी लवावी एवढीसुद्धा वाटली नव्हती. ह्या दुपारभर एक परका माणूस स्वतःच्या वावराला फेऱ्या मारत बसला होता, कशासाठी, तर दुसऱ्याच्या स्वप्नात आपलं नाव चांगलं राहावं म्हणून.

"मंग?" बद्रीनाथनं मागं वळून अगदी आशेनं विचारलं. "काय म्हनलो मी?"

"काहीच पडलं न्हाई," भुजंग म्हणाला. "कोरी झोप लागली."

बद्रीनाथचं तोंड बारीक झालं. "म्हंजे माझी बाजू ऱ्हायलीच."

भुजंगचा बारा वर्षांचा राग कुठं सांडला कोण जाणे. त्याचे डोळे भरून आले. त्यानं गाडीतूनच बद्रीनाथचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "इवाई, पेरनीला माझे दोन्ही बैल घेऊन जा. रोडावले तर रोडावू द्या!"

"काहून रोडावतील?" बद्रीनाथ पुन्हा तापला, आणि मग स्वतःच हसायला लागला. दोघं इतके हसले की बैल बुजले. सुपारी दिवेलागणीच्या आत फुटली. पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि पुरणपोळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंग घरी आला. कांताबाईनं त्याच्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "झोपला होता ना?"

"दोनदा," रखमाजी म्हणाला, आणि ओट्यावर बसून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. कांताबाई हसून हसून भिंतीला टेकली. नंदा तूर निवडत होती. ती सगळ्यात जास्त हसली. मिशांचं तर तिनं तीनदा सांगायला लावलं. सोयरीक पक्की झाल्याचा आनंद तिला असा उघडपणे हसूनच दाखवता येत होता.

रखमाजी गेल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि बापाकडं वळली. "दादा, त्या बारा वरसांत मी कशी होते?"

"म्हंजे?"

"माझंच लगीन झाल्तं ना तिथं? मंग मी बरी होते का? लेकरं होती का मला?"

भुजंग हसत हसत सांगायला गेला आणि थांबला. त्यानं आठवून बघितलं. बद्रीनाथच्या मिशीचा केस न् केस त्याला आठवत होता. हौशाच्या बरगड्या, वेशीतलं हसणं, समेट करायला आलेल्या माणसांच्या चहाच्या कपबश्या, सगळं स्पष्ट होतं. नंदा कुठंच नव्हती. मंडपात पाठमोरी बसलेली होती, तेवढीच. त्यानंतर बारा वर्षांत एकदाही ती दिसली नव्हती.

"तू... तू न्हवतीच गं," तो म्हणाला.

"न्हवते कशी?"

"मी उंबराच चढलो न्हाई ना त्यांचा. शपत घेतल्ती. मंग तू कुठून दिसशील?"

नंदा हसूनच म्हणाली, "म्हंजे बारा दिवाळ्या मुराळी आलाच न्हाई. मी पिशवी घेऊन दारात बसले आसंल." सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. नंदाला भाऊ नव्हता. मुराळी म्हणून जाणारा एकटा भुजंगच होता.

ती थट्टाच करत होती. पण भुजंगला ते दृश्य दिसलं. स्वप्नात न दिसलेलं त्याला आता भर दुपारी, टक्क जागेपणी दिसलं: दारात बसलेली नंदा, शेजारी पिशवी, आणि संध्याकाळ झाल्यावर ती पिशवी आत घेऊन जाणारी नंदा. तिची वर्षं काही गळून गेलेली नव्हती. तिनं ती एकेक दिवस करून काढली असणार. तो लेकीपुढं लहान पोरासारखा रडला, आणि कांताबाई म्हणाली की आजवरच्या स्वप्नांतलं हे पहिलं कामाचं निघालं.

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर भुजंग दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी निमित्त काढून नंदाकडं जायचा. बाकीच्या सगळ्या रस्त्यांवर तो पूर्वीसारखाच शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपायचा, पण त्या एका रस्त्यावर नाही. जीपमध्ये चढताना खिशात हिरव्या मिरच्या ठेवायचा, आणि डोळा जड झाला की एक चावायचा. नंदाच्या दारात पोचायचा तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, आणि वस्तीवरची माणसं म्हणायची, बापाची माया केवढी.

इवायांचं खरं भांडण व्हायला आठ वर्षं लागली. कारण बैलाचं नव्हतंच. कुण्या पाहुण्याच्या लग्नात मानाचा फेटा बांधताना बद्रीनाथनं पहिलं नाव दुसऱ्याचं पुकारलं आणि भुजंगचं विसरला. भर मंडपात शब्दाला शब्द वाढला. बद्रीनाथही आता ऐकणाऱ्यातला राहिला नव्हता. दोघांचा अबोला पडला, आणि तो अबोला अगदी खराखुरा होता. आठवडे जाईनात, दिवस ढळेनात.

दिवाळी आली. भुजंग तोंडात मिरची धरून जीपमध्ये बसला आणि वस्तीवर उतरला. ओट्यावर बद्रीनाथ बसला होता, त्यानं तोंड फिरवलं. भुजंगनं लिंबाच्या झाडाला सांगितलं, "कोनाला सांगायचं आसंल त्याला सांगा, मुराळी आलाय," आणि उंबरा चढून आत गेला.

नंदा चुलीपुढं चिवडा हलवत होती. तिनं मान वळवली नाही. "पाय धुवा दादा. चहा ठेवते."

"वाट बघून राह्यल्ती का गं?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "कशाला बघू? ती बघा पिशवी भरून ठेवलीय."

दोघं आजोबा आपसांत बोलत नाहीत हे नातवंडांनासुद्धा माहीत होतं. पण नंदानं दाराकडं बघितलंच नव्हतं. येणार की नाही, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. भुजंगला इतका आनंद झाला की तो आपण रागावलो आहोत हेच विसरला. बाहेर आला, ओट्यावर बद्रीनाथच्या अगदी जवळ बसला आणि म्हणाला, "इवाई, तंबाखू हाय का?"

बद्रीनाथनं तोंड न वळवता चंची पुढं केली.